खाजरं घराणं

मृगाच्या दोन-तीन सरी पडून गेल्या की बदलापूर स्टेशनबाहेर ठाकूर-कातकरी बायका शेवळं घेऊन बसतात. मिटलेल्या छत्रीसारखे टोकदार, तपकिरी-जांभळट कोंब, दहा-बाराची एक जुडी. बाजूला बोराएवढ्या हिरव्यागार काकडांचे वाटे. यंदा मी घाईत होते. जुडी उचलली, पैसे पुढे केले, तर बाई पैसे घेईना.

"काकडं नको? नुसती शेवळं न्याल तर घसा धरंल, मावशी. मग माझ्या नावानं बोटं मोडाल."

चौतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. निमूटपणे काकडं घेतली.

ती सांगत होती ते एका शेवळापुरतं नव्हतं. घसा धरणं हा एका अख्ख्या कुळाचा गुण आहे. शेवळ, सुरण, अळू, महाबळेश्वरच्या रानातला सापकांदा, दिवाणखान्यातला मनी प्लांट आणि लग्नाच्या स्टेजवरचं अँथुरियम, ही सगळी एका रक्ताची. शास्त्रात या कुळाला ॲरेसी म्हणतात, मराठी पुस्तकांत सुरण कूळ. प्रजाती सुमारे १४०, जाती साडेतीन हजारांच्या वर, बहुतेक उष्ण आणि दमट प्रदेशातल्या. माझी आई या सगळ्यांना मिळून 'खाजरं घराणं' म्हणायची. तिला लॅटिन येत नव्हतं. पण विळीवर बसून तिनं या कुळाची जी ओळख करून घेतली होती, ती माझ्या पदवीपेक्षा जुनी आणि काही बाबतींत पक्की होती.

शेवळं निवडायला बसलं की अर्धं वनस्पतिशास्त्र समोर येतं. एक शेवळ घेऊन उभं चिरा. बाहेरून गुंडाळलेली जांभळट खोळ म्हणजे पाकळी नव्हे, ते एक बदललेलं पान आहे. पुस्तकी मराठीत त्याला महाछद म्हणतात. आतला मांसल दांडा म्हणजे स्थूलकणिश. खोळ आणि दांडा, ही जोडी दिसली की कूळ ओळखलं. अँथुरियमची लाल चकचकीत 'पाकळी' हीसुद्धा खोळच. मधे जे पिवळं बोट उभं असतं त्यावर फुलं असतात, डोळ्यांना सहज न दिसणारी, एकमेकांना खेटून बसलेली. पांढऱ्या कॅला लिलीचंही तेच. ती लिली नव्हेच.

शेवळाच्या दांड्याच्या तळाशी बारीक दाण्यांची गच्च रांग दिसते. ती मादी फुलं. त्यांच्या वर नर फुलं. ना पाकळ्या, ना निदलं. नुसते स्त्रीकेसर आणि पुंकेसर, संसाराला लागेल तेवढंच सामान. त्याच्याही वर लांबलचक जांभळा शेंडा, त्यावर एकही फूल नाही. आता स्वयंपाकघरातली गंमत बघा. शेवळं निवडताना आई दांड्याचा तो खालचा पिवळट, दाणेदार भाग काढून टाकायची, कारण तो सगळ्यात खाजरा. बाकीचं बारीक चिरून भाजीला. म्हणजे आपण शेवळाची फुलं खातो असं म्हणतो खरं, पण फुलं तेवढी केराच्या टोपलीत जातात.

बाजारात येतात ती मिटलेली शेवळं. न खुडलेलं एखादं रानात उमललेलं पाहायला गेलात तर नाकाला रुमाल लावा. उमललेलं शेवळ किंवा सुरणाचं फूल सडक्या मांसासारखं घाणेरं असतं. मेलेल्या जनावराच्या वासावर येणाऱ्या माश्या आणि भुंगेरे हेच त्यांचे पाहुणे. कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या माझ्या मामांच्या परसात एकदा सुरणाचा कांदा काढायचा राहून गेला आणि पुढच्या पावसाच्या तोंडाला तो फुलला. मामींनी दोन दिवस मेलेली घूस शोधली. माळा झाला, मोरी झाली, शेवटी शेजाऱ्यांच्या विहिरीत डोकावून झालं. तिसऱ्या दिवशी मामांना कुंपणाशी किरमिजी रंगाचं, सुरकुतलेल्या मेंदूसारखं काहीतरी जमिनीतून वर आलेलं दिसलं. त्यांनी मला फोन केला. मी पोचेपर्यंत वास गेला होता.

हा वास पसरायला मदत करते ती ऊब. या कुळातल्या बऱ्याच फुलोऱ्यांचा दांडा फुलण्याच्या वेळी खरोखर तापतो. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यानं १७७८ मध्येच युरोपातल्या अरमबद्दल हे नोंदवलं होतं. उत्तर अमेरिकेतली स्कंक कॅबेज तर भोवतीचा बर्फ वितळवून वर येते. ब्राझीलच्या एका फिलोडेंड्रॉनचा दांडा चाळीस अंशांच्या आसपास जातो, म्हणजे आपल्याला ताप आल्यासारखाच. ही भट्टी पेटवतं कोण, याचा छडा १९८७ साली लागला. भारतातही आढळणाऱ्या सॉरोमॅटम या सुरणाच्या नातलगात हा इशारा सॅलिसिलिक आम्ल देतं. ताप उतरवायला आपण ॲस्पिरिन घेतो, त्याचं हे सख्खं भावंड. झाडाला मात्र ते ताप चढवतं. वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करत.

मादी फुलं आधी तयार होतात, नर मागाहून. त्यामुळे स्वतःचाच पराग स्वतःला लागत नाही. माशी पहिल्या दिवशी दुसरीकडचा पराग घेऊन येते, खोळीत मुक्काम करते, मग नर फुलं फुटतात आणि अंगावर पिवळी धूळ घेऊन ती निघते. सापकांद्यानं या पाहुणचारात लबाडी घातलीय. महाबळेश्वर-पाचगणीला पहिल्या पावसात पांढऱ्या फण्याचा जो सापकांदा दिसतो, त्याच्या प्रजातीचं नाव ॲरिसिमा. या प्रजातीतल्या कित्येक जातींत नर आणि मादी वेगवेगळे असतात, आणि ते कायमचंही नाही. कांदा लहान असेल तर रोप नर. चांगलं पोसलं की मादी. वाईट वर्ष गेलं की परत नर. फळं धरणं हे खर्चाचं काम, त्यामुळे ऐपत आल्याशिवाय ते अंगावर घ्यायचं नाही. आणि लबाडी अशी: नर खोळीच्या बुडाशी एक फट असते, तिच्यातून कीटक पराग घेऊन सटकतो. मादी खोळीला ती फट नसते. आत शिरलेला कीटक पराग देतो आणि बहुधा तिथंच मरतो.

खाजेकडे वळायला हवं, कारण घराण्याचं नाव तिच्यावरून आहे.

अळवाच्या देठाचा पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हा माझा वर्षातला सगळ्यात आवडता तास. लिंबाच्या आकाराच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या काही पेशी दिसतात, आणि त्यांच्या पोटात सुयांची जुडी. पाणी आत शिरलं की टोक फुटतं आणि सुया एकामागोमाग एक बाहेर सुटतात. कॅल्शियम ऑक्झलेटच्या या सुयांना शास्त्रात रॅफाइड म्हणतात. एका वर्षी एका मुलीनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच विचारलं होतं, "मॅडम, हे आपण खातो?"

हो, खातो. आणि कसं खातो याबद्दल मी बरीच वर्षं चुकीचं शिकवलं. चिंच घातली की आम्लात सुया विरघळतात, असं आम्ही सगळेच सांगायचो. एकदा सुट्टीत शंका आली. अळू चिंच घालून चांगलं तासभर शिजवलं आणि त्यातला गोळा काचेवर घेतला. सुया जशाच्या तशा, लखलखीत. कॅल्शियम ऑक्झलेट चिंचेसारख्या सौम्य आम्लाला दाद देत नाही, हे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असतं. मी ते स्वयंपाकघरापर्यंत आणलं नव्हतं. आजचं संशोधन सुयांच्या अंगाला चिकटलेल्या प्रथिनाकडे बोट दाखवतं. सुई टोचते आणि प्रथिन चुरचुरतं, दोघं मिळून घसा धरतात. सुया धुऊन घेतल्या तर त्यांचा त्रास खूप कमी होतो. उष्णतेनं प्रथिन मोडतं, म्हणून अळू कच्चट राहता कामा नये, मग कितीही चिंच घाला. हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं मग, तू कर फदफदं चिंचेशिवाय. मी नाही खाणार." मीही चिंच घालते. शेवळात काकडं घालते. पण शिजवते आधीपेक्षा जास्त.

सगळ्या भावंडांत खाज सारखी नाही. सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर, शेवाळाच्या आधारानं उगवणारं रुखाळू वडीला फार चांगलं, खाजही कमी. सुरणात आंध्रातलं 'गजेंद्र' नावाचं वाण देशभर पसरलं ते मुख्यतः न खाजण्यामुळे. संस्कृतात सुरणाला अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध घालवणारा, असं नाव आहे. आमच्याकडे तो उपासाला चालतो आणि एरवी मुलं ताटात ठेवतात. एक मात्र सांगते. परसात सुरणाचं जे छत्रीसारखं झाड दिसतं, ठिपक्याठिपक्यांचं खोड आणि वर फांद्यांचा पसारा, ते झाड नाही. ते एक पान आहे. खोड वाटतं तो देठ, फांद्या वाटतात ती पात्याची विभागणी. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या परसातलं ते 'झाड' खालून वर तीनदा न्याहाळलं होतं.

पानांनी या कुळानं शाळेतल्या पुस्तकालाही चकवलंय. एकदलिकित वनस्पतींच्या शिरा समांतर, द्विदलिकितांच्या जाळीदार, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं. मका बघा, वड बघा. अळू बघा म्हटलं की पंचाईत. पान रुंद, शिरा जाळीदार, आणि वनस्पती एकदलिकित. एका मुलानं प्रात्यक्षिकाच्या वहीत अळू द्विदलिकितांत टाकलं आणि कारणही लिहिलं, "शिरा जाळीदार आहेत." मी त्याचे दोन गुण कापले. त्यानं जे पाहिलं तेच लिहिलं होतं. ते दोन गुण मला अजून टोचतात.

म्हणजे कूळ ठरवायचं कशावरून? लिनियसनं १७५३ मध्ये यांच्या काही प्रजातींना नावं दिली. पुंकेसर-स्त्रीकेसर मोजून वर्ग पाडण्याची त्याची रीत होती. १७८९ मध्ये पॅरिसच्या ज्यूसिए यानं गोतावळा एकत्र बांधून त्याला कुळाचा दर्जा दिला. नाव पडलं ते युरोपातल्या अरमवरून, जो महाराष्ट्रात उगवत नाही. नाहीतर आपल्या अळवाचा किंवा सुरणाचा मान होता. मग व्हिएन्नाच्या शॉनब्रुन बागेतला हाइन्रिख शॉट या कुळाच्या मागे लागला. त्यानं आयुष्य यांच्यावर घालवलं आणि चित्रकारांकडून हजारो चित्रं काढून घेतली. शॉटचा भर फुलोऱ्यावर. त्याच्यानंतरचा जर्मन एंग्लर म्हणाला, नुसतं फूल काय बघता, पान, शिरा, खोड सगळं बघा. आम्ही विद्यार्थी असताना कूक याचा मुंबई इलाख्याचा 'फ्लोरा' हाताशी घेऊन रानात जायचो. तो १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि आमच्या पिढीपर्यंत तरी तोच घरचा ग्रंथ होता. कोकणातल्या एका शेवळाच्या भावंडाला तर कोंकणेन्सिस हे नाव १९९४ मध्ये मिळालं. म्हणजे कूकच्या पुस्तकात ते असायचं कारणच नाही.

या सगळ्यांनी वेखंडाला याच घरात ठेवलं होतं. वेखंडाला मांसल दांडा आहे, त्यावर खेटून बसलेली बारीक फुलं आहेत. मीही फळ्यावर ॲरेसीच्या उदाहरणांत सुरण, अळू, वेखंड असं ओळीनं लिहायचे. एकदा घरी हे बोलले तर आई विळीवरून मान वर करून म्हणाली, "वेखंड कुठलं यांच्यातलं? ते खाजतं कुठे? बाळाच्या अंगाला लावतो आपण." मी तिला समजावलं की शास्त्र खाजेवरून चालत नाही.

मग १९९०च्या दशकात डीएनए वाचता येऊ लागला. वेखंड या कुळातलं नाहीच, असा निकाल लागला. ते सगळ्या एकदलिकित वनस्पतींच्या वंशवृक्षावर अगदी बुडाशी निघालेली, एकटी पडलेली फांदी आहे. त्याला स्वतंत्र कूळ मिळालं, ॲकोरेसी. आणि मग मागे वळून पाहिलं तर पुरावे होतेच: तलवारीसारखी पानं, खऱ्या खोळीचा अभाव, सुगंधी तेलाच्या पेशी, आणि सुया नाहीत. एकही नाही. आईला सांगितलं तेव्हा ती थकलेली होती. "मग? मी काय म्हणत होते," एवढंच म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

तिची परीक्षा सगळीकडे चालते असं मात्र नाही. घायपातातही अशा सुया असतात आणि त्याचं कूळ वेगळं. खाजकुहिलीची खाज तर शेंगेवरच्या लवेची. नियम एकाच बाजूनं बरा चालतो: सुया असल्या म्हणून कुणी घरचा ठरत नाही, नसल्या तर मात्र चौकशी करावी.

वेखंड गेलं तसं डीएनएनं कुणाला तरी आत आणलं. तळ्यावर हिरवी साय धरते ती लेम्ना, म्हणजे डकवीड, आणि तिच्या जवळची वुल्फिया. यांचं पूर्वी वेगळं कूळ होतं. वुल्फिया म्हणजे पाण्यावर हिरवा रवा सांडावा तशी. एक रोप मिलिमीटरभरसुद्धा नाही, मूळ नाही, पान नाही. जगातली सगळ्यात लहान सपुष्प वनस्पती. थायलंडमध्ये ती खातात. लेम्नाच्या अंगात सुया सापडतात. वुल्फियाकडे त्याही नाहीत, तिच्याकडे नाहीच काही. तळ्यावर कोबीच्या गड्ड्यासारखी तरंगणारी पिस्टिया या कुळातली, हे आधीपासून माहीत होतं, आणि लेम्ना ही तिचीच आटत गेलेली नातलग असावी असा कित्येकांचा अंदाज होता. तो खोटा ठरला. पिस्टिया निघाली अळवाच्या जवळची, आणि लेम्ना कुळाच्या पार दुसऱ्या टोकाची. पाण्यावर तरंगायला दोघी वेगवेगळ्या वाटांनी शिकल्या.

आणि त्याच घरात दुसऱ्या टोकाला सुमात्राचा टायटन अरम. इटलीच्या ओदोआर्दो बेक्कारीला तो १८७८ मध्ये दिसला. लंडनच्या क्यू उद्यानात १८८९ मध्ये फुलला, तेव्हा सुमात्राबाहेर पहिल्यांदाच. पुरुषभर नव्हे, कधी तीन मीटरच्या वर जाणारा फुलोरा. वर्तमानपत्रं त्याला जगातलं सर्वांत मोठं फूल म्हणतात; ते फूल नव्हे, हजारो फुलांचा, फांद्या न फुटलेला एकच फुलोरा. तो आपल्या शेवळाचा आणि सुरणाचा सख्खा चुलतभाऊ, प्रजाती एकच, अमॉर्फोफॅलस. या ग्रीक नावाचा अर्थ वर्गात सांगायची वेळ आली की मी फळ्याकडे तोंड करायचे. डेव्हिड ॲटनबरो यांचीही तीच अडचण झाली. टीव्हीवर उच्चारायला बरं म्हणून त्यांनी 'टायटन अरम' हे नाव काढलं.

घरातल्या कुंड्यांबद्दल दोन शब्द. मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाचा. त्याला फूल येतच नाही म्हटलं तरी चालेल, कारण जिबरेलिन हे संप्रेरक बनवणाऱ्या त्याच्या जनुकात बिघाड आहे. फूल नाही तर ओळख पटणार कशी? म्हणून तो पोथॉस, सिंडॅप्सस, रॅफिडोफोरा अशी घरं फिरत शेवटी एपिप्रेम्नममध्ये स्थिरावला. रॅफिडोफोरा या नावाचा अर्थच सुया बाळगणारी. डिफेनबाखिया, मॉन्स्टेरा, पीस लिली, सगळ्यांकडे त्या आहेत. आमच्या भाचीच्या दीड वर्षाच्या मुलानं डिफेनबाखियाचं पान चावलं तेव्हा लाळ थांबेना, ओठ सुजले, आवाज फुटेना. डॉक्टरांनी तपासलं, थंड दूध दिलं, संध्याकाळपर्यंत तो रडायला लागला तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. कुंडी आता गच्चीवर उंच टांगलीय. रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर तुम्हीही टांगा.

बदलापूरच्या त्या बाईला मी जाताना विचारलं, एवढी खुडता, मग पुढच्या वर्षी येतात कुठून?

"कांदा कोण उकरतो? वरचं खुडायचं. फूल गेलं की पान येतं मागून."

घरी आल्यावर करवंदीच्या जाळीमागे, जिथं दोन वर्षांपूर्वी मी एक शेवळाचा कांदा पुरला होता, तिथं जाऊन पाहिलं. फूल दिसलं नाही. पुढे आषाढात एका सकाळी एकच देठ वर आला होता, ठिपक्याठिपक्यांचा, आणि टोकाला पान अजून मिटलेलं.